मेडिकलवाल्या ताईंना जाहीर पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

हे तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेता. म्हणून चारचौघांत लिहितेय. इथे मला मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला.

२०२० च्या मार्चबद्दल बोलायचंय. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि त्याच महिन्यात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे जीभ अडखळवणारं नाव घराघरांत पोहोचलं. तोवर ते आमच्यासारख्या मोजक्या घरांनाच पाठ होतं. माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. सांधे सुजतात, चेहऱ्यावर चट्टे उठतात, हेळसांड झाली तर प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जातं. हे सगळं आटोक्यात ठेवते ती हीच गोळी. आणि अचानक, ही गोळी कोविडवर चालते असं सांगणाऱ्या, जेमतेम ३६ रुग्णांच्या एका अभ्यासाचा गाजावाजा झाला, मोठमोठ्या खुर्च्यांवरच्या माणसांनी माईकसमोर तिचे गोडवे गायले, आणि धडधाकट लोक खोकेच्या खोके घरी नेऊ लागले. ज्यांना ती रोज लागते ते रांगेत मागे उभे.

त्या दिवसांत कोणी कसं वागलं ते मी विसरलेले नाही. एका भल्या मोठ्या, चकचकीत औषधांच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली, तर मान वर न करता उत्तर आलं, "संपलंय." माझ्या मागच्या गृहस्थांनी कुणाचं तरी नाव सांगितलं आणि आतून खोका बाहेर आला. संपलेलं औषध वशिल्याने परत तयार होतं, हे वैद्यकशास्त्राला अजून कळलेलं नसावं! बहीण जिथे दाखवते तिथे फोन लावला तर "सध्या नियमित रुग्ण बघत नाही" एवढं सांगून ठेवून दिला. आमच्याच एका नातेवाइकाने घरात साठा करून ठेवला होता, "असावं जवळ" म्हणून. त्यांच्याकडे कुणाला साधं पडसंही नव्हतं. मागितलं तर म्हणाले, उद्या आम्हाला लागलं तर?

मग तुमच्याकडे आले. खरं सांगायचं तर आशा सोडूनच आले होते. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही खालच्या खणातून खाकी पाकीट काढलंत. त्यावर बहिणीचं नाव.

मी कधीही सांगितलेलं नव्हतं की आम्हाला लागेल म्हणून बाजूला काढून ठेवा. बातम्या सुरू झाल्या त्याच रात्री तुम्ही जुनी बिलं चाळलीत, ही गोळी कायमची कोणाला चालू आहे ते वहीत उतरवून घेतलंत आणि होता तेवढा साठा त्या नावांत वाटून टाकलात. हेसुद्धा मला तुमच्याकडून नाही, तुमच्या मदतनीस मुलाकडून कळलं. पाकिटात पूर्ण महिन्याच्या गोळ्या नव्हत्या. "सगळ्यांना थोडं थोडं पुरवतेय, पुढच्या आठवड्यात परत या," म्हणालात. स्ट्रिप कापताना तारखेचा भाग दुसऱ्याच्या वाट्याला गेला होता, तर मुदत कधी संपते ते तुम्ही पाकिटावर बॉलपेनने लिहिलं होतंत. आणि त्याखाली, त्याच अक्षरात: "डोळे तपासले का?"

ताई, मला रडू आलं ते या ओळीने. गोळ्या मिळाल्या म्हणून नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. ते आम्हाला डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं. पण बाहेर लोक एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, तुमच्या चेहऱ्यावर मास्कचे वळ उठले होते, काउंटरवर प्लास्टिकचा पडदा ताणलेला, आणि अशा धबडग्यात एका माणसाला वाटलं की ही मुलगी पुढची वीस वर्षं नीट बघू शकली पाहिजे. जिथे सगळे उद्यापुरता विचार करत होते, तिथे तुम्ही तिच्या म्हातारपणाचा केलात.

दुसरी गोष्ट तुम्हाला आठवतही नसेल. मी विचारलं होतं, मधले काही दिवस गोळी मिळालीच नाही तर? तुम्ही हातातलं काम थांबवलंत. म्हणालात, हे औषध शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं व्हायलाच महिन्याच्या वर लागतो, तेव्हा दोन-चार दिवस चुकले म्हणून लगेच काही बिघडणार नाही. पण मनाने बंद करू नका आणि डॉक्टरांना कळवत राहा. इतकंच. खोटा धीर नाही, भीतीही नाही. घरी येऊन तिला जसंच्या तसं सांगितलं आणि त्या रात्री ती झोपली. तिच्या डॉक्टरांकडून हे एक वाक्य मिळावं म्हणून आम्ही किती धडपडलो होतो.

तुमच्या दुकानासमोरच्या रांगेत उभं राहून मी जे पाहिलं, त्याची नोंद कुठे होईल असं वाटत नाही. सर्दीचं औषध आणि तापाची गोळी दोन्ही मागणाऱ्या आजोबांना तुम्ही थांबवलंत, कारण दोन्हींत पॅरासिटामॉल होतं आणि ते नकळत दुप्पट घेणार होते. एका बाईंच्या हाताच्या थरथरीवरून ओळखलंत की त्यांनी इन्सुलिन घेतलं पण पोटात काही नाही, आणि त्यांना आधी बसवून साखर खायला दिलीत. दवाखान्यांची दारं बंद, फोन उचलले जात नव्हते, तेव्हा अपॉइंटमेंटशिवाय भेटणारा आरोग्यातला एकच जाणकार माणूस उरला होता, आणि तो औषधांच्या काउंटरमागे उभा होता. जगभर हेच चित्र होतं. स्पेनमध्ये तर घरात मार खाणाऱ्या बायकांना औषधांच्या दुकानात जाऊन 'मास्क १९' एवढे दोन शब्द उच्चारायची सोय केली होती. ऐकणाऱ्याने पुढची मदत बोलवायची. दुसरं कुठलं दार उघडं होतं हो तेव्हा?

आणि तरी, आरोग्यसेवकांचं कौतुक करताना डॉक्टर आले, नर्स आल्या, ते यायलाच हवे होते, पण तुमची आठवण कितीजणांना झाली? उलट तुम्हाला शिव्याच. तो गाडीतून उतरलेला माणूस अजून डोळ्यांसमोर आहे. चिठ्ठी नाही, आजार नाही, पण 'घरात सगळ्यांसाठी' हीच गोळी हवी होती. तुम्ही नाही म्हटल्यावर त्याने तुम्हाला काळाबाजारवाली म्हटलं, लायसन्स घालवण्याची धमकी दिली. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "ज्यांची आहे त्यांच्यासाठी ठेवली आहे." मग सॅनिटायझरने हात पुसलेत आणि म्हणालात, "पुढचे कोण?"

पुढे तुमचंच खरं ठरलं. त्याच जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं की दवाखान्यात दाखल कोविड रुग्णांना या गोळीचा फायदा नाही. पाठोपाठ डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड कोविडवर उपयोगी पडतं अशी बातमी आली, आणि लोक आता तेच मागायला आले. तुम्ही प्रत्येकाला तेच ते समजावत राहिलात की ते ऑक्सिजनवर असलेल्यांसाठी आहे, साध्या तापात घेतलं तर अपायच होईल. ज्या अभ्यासामुळे ही पळापळ झाली, तो शोधनिबंध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्या बातमीखाली मी वाट बघत होते, माईकवाल्यांपैकी कुणी एक ओळ तरी लिहील. कुणी नाही लिहिली. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

भलेपणाबद्दल आपल्याकडे फार मोठं बोललं जातं. त्याग, समर्पण वगैरे. मला आताशा वाटतं, तो बराचसा नीटनेटकेपणाचा भाग असतो. जुनी बिलं जपून ठेवलेली असणं, अक्षर वाचता येईल असं काढणं, कुणाचं नाव लक्षात राहणं, आणि जोर करणाऱ्यासमोर रांग न मोडणं. हे रोज करणाऱ्या माणसाला संकटात वेगळं काही करावं लागत नाही. आणि एरवी न करणाऱ्याला ते ऐनवेळी सुचत नाही. त्या चकचकीत दुकानातही हुशार माणसं असतीलच की. पण त्यांच्याकडे वही नव्हती.

आता बातमी. बहीण बरी आहे. नोकरीला जाते, गेल्या वर्षी तिने गाडी चालवायलाही शिकून घेतलं, आणि माझ्यापेक्षा बरी चालवते हे ती सगळ्यांना सांगत फिरते. तुमचं पाकीट तिच्या फायलीत लावलेलं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की दरवर्षी तपासतो, यंदाची तपासणी मागच्याच आठवड्यात झाली, दोन्ही डोळे उत्तम.

तुमच्याकडे काम शिकायला नव्या मुली येतात असं ऐकलं. हे पत्र त्यांना वाचून दाखवा म्हटलं तर तुम्ही दाखवणार नाही. त्यामुळे मुलींनो, तुम्हीच वाचा, आणि ताईंनी ती वही कशी ठेवली होती ते त्यांच्याकडून एकदा मागून बघा.

तुमची,
ल्युपसवालीची थोरली बहीण