गुरुजी, त्या तीन किलो तांदळाबद्दल थँक्यू

गुरुजी, नमस्कार.

हे पत्र खरंतर 31 मे 2024 लाच लिहायला पाहिजे होतं, तुमच्या सेवापूर्तीच्या दिवशी, पण माझी हॉस्पिटलात नाईट होती आणि सुट्टी काही मिळाली नाही, मग व्हॉट्सॲपवरच फोटो बघितले. शाल, श्रीफळ, फेटा आणि फेट्याखाली तुमचा तो अवघडलेला चेहरा. उद्या 1 जून, गुरुजींचा वाढदिवस, असं कुणीतरी खाली टाकलं होतं आणि मला हसूच आलं, कारण शाळेच्या दाखल्यावर माझी पण तारीख 1 जूनच आहे, दादाची पण, आणि वस्तीवरच्या निम्म्या पोरांची पण. आमच्या तुम्ही टाकल्या, तुमची तुमच्या गुरुजींनी टाकली असणार!

बी.ए. झालं, मग डी.एड., आणि 1989 ला पहिली ऑर्डर मिळाली, हे तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलंय. दोन खोल्या, दोन मास्तर, चार वर्ग. लोक म्हणतात मास्तरला काय काम असतं, त्यांनी तुमच्या मागं एक वर्ष फिरून बघावं. 91, 2001, 2011 तिन्ही जनगणना तुम्ही केल्या, इलेक्शन ड्युट्या वेगळ्या, पल्स पोलिओ वेगळा, आणि मधे वेळ मिळाला तर शिकवणं. जाऊ दे, तो विषय काढला की तुमचंच बीपी वाढतं.

मला लिहायचंय ते 1999 च्या दसऱ्यानंतरचं. मी चौथीत, दादा सहावीत. आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाऊन वस्त्या कशा रिकाम्या होतात ते तुम्हाला काय सांगायचं. बाबांनी मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, आईबाबांची जोडी म्हणजे एक कोयता, आणि आम्ही दोघं पण जाणार होतो, दादा मोळ्या बांधायला आणि मी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाकाला नि उसाचे वाढे (हिरवे शेंडे) गोळा करायला. तुम्ही रात्री बॅटरी घेऊन घरी आलात आणि दोघांना पण ठेवा म्हणालात. बाबा काहीच बोलेनात. आज्जी म्हणाली, मी म्हातारी, लेकरांना खायला काय घालू? तेव्हा तुम्ही शिष्यवृत्तीचं, भविष्याचं असलं काही काढलं नाही. म्हणालात, "मावशी, हजेरी ऐंशी टक्के भरली की पोरीमागं महिन्याला तीन किलो तांदूळ मिळतो."

आज्जीनं बोटांवर हिशोब केला आणि मी राहिले. दादाला बाबांनी सोडलं नाही.

आता मोठी झाल्यावर कळतं की तीन किलोत दोन माणसांचा महिना जात नाही. आज्जी दर बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन तुमच्या घरी का जायची आणि येताना ज्वारी कुठून यायची, हे तिनं मला मी नर्सिंगला लागल्यावर सांगितलं, ते पण काकूंनी घातलेली शपथ मोडून. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं वगैरे आपल्याकडं नंतर आली, तेव्हा काकूंची कणगीच होती.

शिष्यवृत्ती मला लागली नाही. रोज संध्याकाळी कंदिलापाशी बसवून तुम्ही गणितं घेतलीत तरी लागली नाही आणि मी दोन दिवस शाळेच्या मागच्या बाजूनं पाणी भरायला जायची, तुम्ही दिसू नये म्हणून. तुम्ही पकडलंत आणि पाचवीची जुनी पुस्तकं हातात दिलीत, बास. ना रागावलात, ना समजूत काढलीत. मला त्याचंच जास्त थँक्यू म्हणायचंय बहुतेक.

दादा अजून कोयत्यावर जातो. तुमच्यावर त्याचा राग नाही, उलट म्हणतो गुरुजींनी माझं नाव पण घेतलं होतं त्या रात्री, मी ऐकलं होतं. त्याची पोरगी आता तिसरीत आहे आणि ह्या वेळी तो तिला माझ्याकडं पुण्याला ठेवतोय, दाखला काढायला तो शाळेत येईल तेव्हा तुम्ही पण जाल का त्याच्यासोबत? नवीन मॅडम त्याला ओळखत नाहीत आणि तो ऑफिसात तोंड उघडत नाही.

मी दिवाळीला येतेय. बांधावरची सीताफळं राहिली तर आणते, काकूंना घरीच थांबायला सांगा.

तुमची,
चौथीतली, मागच्या बाजूनं पाणी भरणारी