किती तास टिकला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हायड्रोजनसाठी प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला’ अशा थाटाची बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं असल्यामुळे मी ती अधाशासारखी वाचतो आणि हिरमुसतो. नेमकं हवं ते तिच्यात नसतंच.

मुळात पाण्यातून हायड्रोजन काढायला उत्प्रेरक, म्हणजे क्रिया सोपी करणारा पदार्थ, म्हणून प्लॅटिनम लागतंच असं नाही. पंजाबात नांगलला १९६१ पासून भाक्राच्या विजेवर पाण्याचं अपघटन करून, म्हणजे विजेने पाणी फोडून, त्या हायड्रोजनचं खत बनत होतं. या अल्कली पद्धतीत निकेलचा मुलामा दिलेले पोलादी पत्रे आणि कॉस्टिक पोटॅशचं द्रावण यांवर भागतं. निकेलात थोडं लोखंड मिसळलं तर ऑक्सिजन आणखी सहज सुटतो. मग घोडं कुठे अडतं? ही संयंत्रं अवजड असतात आणि ढग आला की पडणाऱ्या सौर विजेशी त्यांचं फारसं जमत नाही. प्रोटॉन पलीकडे जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याची यंत्रं आटोपशीर आणि चपळ, पण त्यांचा पडदा आम्लधर्मी.

वर्गात आम्हाला प्लॅटिनमचे अग्र कुठले परवडणार? टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरायचो. तास संपेपर्यंत धनाग्राकडची कांडी झिजून पाणी काळं झालेलं असायचं. (ते काळं पाणी पाहायला मुलं शेजारच्या वर्गातून यायची.) ऑक्सिजन सुटतो ते टोक असं खाल्लं जातं. त्यातून आम्ल असेल तर निकेल, कोबाल्ट, लोखंड चक्क विरघळतात. तिथे तगून राहतं ते इरिडियम. जगात ते वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनम काढताना जोडीला. सोनं तीन हजार टनांच्या वर निघतं, यावरून काय ते समजा. म्हणजे खरी अडचण इरिडियमची आणि मथळा प्लॅटिनमचा! हायड्रोजन सुटतो त्या टोकाला, जिथे प्लॅटिनम वापरतात, मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे उमेदवार तरी आहेत. त्याच्या थरांच्या कडाच काम करतात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं.

म्हणून विनंती अशी की, बातमी देताना तीन गोष्टी विचारून घ्या. चाचणी आम्लात झाली की अल्कलीत? दर चौरस सेंटिमीटरला विजेचा प्रवाह किती होता? आणि उत्प्रेरक किती तास टिकला? वर्षाचे तास होतात ८,७६०. कारखान्यातलं यंत्र अशी काही वर्षं चालावं लागतं. प्रयोगशाळेतले शंभर तास म्हणजे चारच दिवस.

‘हायड्रोजन मातीमोल होणार’ हेही जरा जपून लिहावं. एक किलो हायड्रोजनमध्ये साठणारी ऊर्जाच सुमारे ३९ युनिट, आणि यंत्रं घेतात ५० ते ५५. उत्प्रेरक कितीही स्वस्त असो, तो फार तर या मधल्या फरकातलं थोडं वाचवेल. युनिट पाच रुपयांना धरलं तरी नुसत्या विजेचेच अडीचशे रुपये होतात. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले आहेत, त्यामुळे हा हिशेब वाचकांसमोर यायला हवा. जागा नसेल तर यंत्राचं ते निळं चकचकीत चित्र थोडं लहान छापलं तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षक, मिरज