मायनं १३ वं वचन सोडलं

गड्या,

तुझे मेसेज पाहिले, दोनदा फोनही वाजला, उचलला नाही. राग नको मानू लेका. फोनवर बोलायला गेलो की "बरं आहे" एवढंच तोंडातून निघते, म्हणून म्हटलं बसून लिहू एकदाचं. मी चर्चला काहून जात नाही विचारलंस, म्हणजे मायनं सांगितलं असेल तुला.

त्या आठवड्यात आपल्याकडे रात्रीची लाइन होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, धाकटा म्हणे मी जातो दादा, तू झोप. गमबूट दाराशीच होते, पण चप्पल घालून गेला. साडेअकराला फोन, "दादा, काहीतरी चावलं." बॅटरी मारली तर धुऱ्यावर परड, म्हणजे घोणस साप, जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके. मोटरसायकलवर मधात बसवला, मागून शेजारच्या पोरानं धरला अन् तालुक्याला नेला. मांत्रिकाकडे नेला नाही, उशीर केला नाही, डॉक्टर हजर, इंजेक्शन हजर. याचाच मला जास्त त्रास होतो रे, शिव्या द्यायला खाली कोणी सापडतच नाही, वरच पाहावं लागते.

तिथं सिस्टरनं त्याचं रक्त काचेच्या नळीत घेतलं अन् टेबलावर उभं ठेवलं. २० मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरपी करून पाहायची, रक्त गोठलं असलं तर ठीक, नाही तर विष रक्तात उतरलं समजायचं. मी त्या नळीसमोर बसून प्रार्थना केली, तशी जन्मात केली नव्हती. शब्द कुठले, नुसतं "गोठव बापा, गोठव", एक डोळा घड्याळावर अन् एक नळीवर. सिस्टरनं नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं.

पुढचं तुला माहीत आहे. किडन्या, डायलिसिस, चौथा दिवस.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चला गेलो होतो मी. प्रभुभोजन होतं, येशूचं शरीर अन् रक्त म्हणून भाकर अन् द्राक्षाचा रस घेतात ते. होस्टेलला असताना तू गंमत म्हणून मागच्या बाकावर येऊन बसायचास ना, ते ताट आठवते का, लहान लहान काचेचे ग्लास, त्यात द्राक्षाचा रस? ताट माझ्यापाशी आलं, मी ग्लास उचलला, जरासा तिरपा झाला अन् रस काठाला आला. तिकडे पाळक म्हणताहेत, हे माझे रक्त. ग्लास परत ताटात ठेवला अन् बाहेर निघून आलो. लोक म्हणाले याचा विश्वास गेला. गेला का राहिला मलाच समजत नाही, पण राग तर रोज येते, अन् जो नाहीच त्याच्यावर माणूस एवढा रागावते का?

आमच्या घरी निजायच्या आधी बायबलातलं स्तोत्र ९१ वाचतात. पणजोबा १९०० च्या दुष्काळात अनाथ होऊन मिशनात आले, सात-आठ वर्षांचे, तिथं भाकर मिळाली अन् हे स्तोत्र मिळालं. (गावात अजून एखादा म्हणतोच, भाकरीसाठी बाटले. म्हणो बापडा. उपाशी पोराला भाकर देणाऱ्यात देव दिसला तर काय चुकलं त्याचं?) त्यातलं १३ वं वचन म्हणते सिंहाला अन् नागाला तू पायाखाली तुडवशील. माझ्या भावानं तुडवलंच की, चप्पल घालून. असं मनात येते अन् मग स्वतःचीच लाज वाटते.

एक गोष्ट सापडली मात्र. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणते उडी टाक, देवदूत झेलतील, तेव्हा तो याच स्तोत्राचं ११ वं अन् १२ वं वचन म्हणून दाखवते. बरोबर सापाच्या आधी थांबते! अन् येशू काही उडी टाकत नाही. म्हणजे हे स्तोत्र खिशात असलं की आपल्याला काही होत नाही, असं त्यानंसुद्धा धरलं नव्हतं. यानं दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दारातले गमबूट दिसले.

अन् लोक, बाप रे. "देवाला त्याची गरज होती." कशाला, तिथं कोणता हरभरा पेरलाय? बायबलातल्या ईयोबाची पोरंबाळं, सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री तोंड न उघडता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, तेवढं चांगलं केलं त्यांनी, बोलायला लागले अन् घोळ झाला. मी आताशा स्तोत्र ८८ वाचतो. त्याच्यात शेवटी उजेडबिजेड काही येत नाही, अंधारातच संपते. कोणीतरी ते तसंच ठेवलं, कापलं नाही, हे बरं वाटते.

परवा रात्री मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो, माय कंदिलाजवळ वाचत होती, लाइट गेलेली. बारावं वचन झालं. मग थांबली. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला अन् सरळ चौदावं वाचायला घेतलं. मी झोपेचं सोंग तसंच चालू ठेवलं. सकाळी चहा देताना म्हणे, "काल तू जागा होता ना बा?" मी हो म्हटलं. तेवढंच.

नाताळला येशील का? २२-२३ ला आलास तर बरं. बांबूच्या कमच्या मी फोडून ठेवल्यात, पतंगाचा कागदही आणला, पण चांदणीच्या मधातली गाठ तोच बांधायचा, मला जमत नाही, तीनदा सुटली. तू त्याच्याकडून शिकला होतास ना एका सुट्टीत? लिंबावर टांगायला शिडी शेजाऱ्याकडून आणून ठेवतो.

तुझाच,
दादा (तूही तेच म्हणायचास, त्याचं ऐकून)