मंत्रिमहोदया, आधी आम्हाला एकमेकींपर्यंत पोहोचू द्या

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या बायकांची नोंद आणि त्यांच्या एकत्र येण्याची सोय

महोदया, सविनय नमस्कार.

२०१७ साली प्रसूती लाभ कायदा बदलला आणि नोकरदार आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. फार चांगलं झालं. पण ती रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं. अंगणवाडीत ते बसायला जाणार तिसऱ्या वर्षी. तोवर अंगणवाडीतून त्याचं वजन होतं, आहार घरी मिळतो, पण दिवसभर सांभाळायला तिथे कोणी नसतं. मग मधली अडीच वर्षं कोणाची?

त्याच कायद्यानं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. आता मला सांगा, डोंबिवलीहून फोर्टला जाणारी आई सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढेल का? आणि कपड्यांच्या दुकानात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, चार जणांच्या ऑफिसात काम करणाऱ्या आईला तर हा नियम लागूच होत नाही. केंद्राच्या योजनेतली पाळणाघरं आहेत. तिथे २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस, महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे साडेसात तास असा हिशेब पूर्वीपासून चालत आला. आमच्याकडची आई सकाळी साडेसातला मूल सोडते आणि संध्याकाळी सात वाजता चप्पल न काढताच दारातून ‘झोपलाय का?’ विचारते. साडेसात तासांत तिची नोकरीसुद्धा पुरी होत नाही, प्रवास तर सोडूनच द्या.

ही अडीच वर्षं आम्ही सांभाळतो. तळमजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये, चाळीतल्या दोन खोल्यांत, नवरा कामावर गेल्यावर रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये. मुलं आम्हाला काकू, मावशी, आजी म्हणतात. पालक म्हणतात, ‘तुमच्यामुळे माझी नोकरी टिकली.’ सरकार आम्हाला काय म्हणतं, ते मात्र मला आजवर कळलेलं नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात थोडीच माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. आमच्यातल्या काहीजणींकडे ती आहे. ब्यूटी पार्लरलाही तीच पावती आणि झेरॉक्सच्या दुकानालाही तीच. ती देताना घरात मुलं किती, त्यांची वयं काय, सोबत दुसरं मोठं माणूस आहे का, हे विचारायचं कोणाला कारणच पडत नाही.

आमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका, महोदया, मला नेमका याच शेवटच्या प्रश्नात दिसतो. एकटेपणा.

सहा मुलं आहेत. एक रांगतंय, एकाला दात येतायत म्हणून ते किरकिरतंय, दोघं नुकतीच झोपलीत, एकाची शी काढायचीय आणि सहाव्याला ताप भरतोय. मदतीची बाई त्या दिवशी गावाला गेलेली. ताप चढून मुलाला आकडी आली, तर मूल घेऊन दवाखान्यात पळायचं की बाकीच्या पाचांजवळ थांबायचं? याचं उत्तर कुठल्याही नियमावलीत नाही. ते शेजारच्या गल्लीत आहे. तिथे दुसरी पाळणाघरवाली असते, दोन मुलांना तासभर ती सहज घेऊ शकते. फक्त तिचा नंबर माझ्याकडे असायला हवा, आणि तिला मी प्रतिस्पर्धी वाटायला नको.

इथे जरा आमचंही उणं सांगते, कारण पत्र एकतर्फी झालं की मंत्रालयात लगेच कळतं म्हणे. आम्ही एकमेकींना धरून नाही. तिनं फी पाचशेनं कमी केली म्हणून हिचं मूल तिच्याकडे गेलं, एवढ्यावर वर्षानुवर्षं अबोला असतो. भेटायला वेळ नसतो हे तर खरंच, पण भेटावंसंही फारसं वाटत नाही. अकरा तास घरात कोंडून घेतलेल्या बाईला संध्याकाळी फक्त गप्प बसावंसं वाटतं. आमच्या भागातल्या काहीजणींचा व्हॉट्सॲप गट आहे. सुरुवातीला त्यावर शुभ सकाळची फुलं यायची. आता ‘उद्या दुपारी कोणाकडे एका मुलाची जागा आहे का’ असं येतं. कांजिण्यांची साथ आली की आधी तिथे कळतं, आणि फी बुडवून पाळणाघर बदलणाऱ्या पालकांचा माग तर फार लवकर लागतो! एकीला ऑपरेशनसाठी आठवडाभर सुट्टी हवी होती. तिची मुलं चौघींनी वाटून घेतली. त्याआधी तिच्या आजारपणाचा अर्थ पाच मुलांच्या आयांची रजा असाच व्हायचा.

२०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयानं मारहाण केल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि राज्य हादरलं. हादरायलाच हवं होतं. तेव्हापासून पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘कॅमेरा आहे का?’ आहे, माझ्याकडेही आहे. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. हात उगारायच्या आधी ‘अगं, जरा बाहेर जाऊन ये, मी बघते’ असं म्हणणारी दुसरी बाई घरात असेल, तरच तो हात खाली येतो. दमलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाच्या हाती लहान मूल देऊन वर कॅमेरा लावायचा, ही मला सुरक्षिततेची फार स्वस्त कल्पना वाटते.

पैशांचंही सांगून टाकते, म्हणजे आम्ही खोऱ्यानं ओढतो हा समज जाईल. सहा मुलं, प्रत्येकी साडेचार हजार, म्हणजे महिन्याला २७,००० रुपये. त्यातले १०,००० मदतनीस बाईंचे. दूध, फळं, गॅस, वीज, फिनेल, दुपट्ट्यांची धुलाई यांत ६,००० जातात. उरले ११,०००, रोजच्या अकरा तासांचे. मे महिन्यात मुलं गावाला जातात, तेव्हा अर्धी फी. पगारी रजा आम्हाला नाही, आजारपण नाही, म्हातारपण तर नाहीच नाही.

अंगणवाडी सेविकांकडे बघून मला हेवा वाटत नाही, उमेद वाटते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्या संपावर गेल्या आणि राज्याला त्यांच्याशी बोलावं लागलं. हे झालं कारण त्यांची नोंद आहे, संघटना आहेत, आणि प्रत्येक सेविकेला शेजारच्या केंद्रातली सेविका ठाऊक आहे. आमचा संप कसला होणार? आम्ही दार बंद केलं तर ज्या बायांच्या जिवावर चार पैसे मिळवतो, त्यांचीच नोकरी जाईल.

बाहेरच्या देशाचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लगेच ‘तिकडचं वेगळं’ म्हणतात. तरी देते. फ्रान्समध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बायांना १९७७ च्या कायद्यानं दर्जा दिला. जिल्हा प्रशासन घर पाहून परवाना देतं, साधारणपणे एका वेळी चार मुलांपर्यंत. १२० तासांचं प्रशिक्षण असतं, त्यातले ८० तास पहिलं मूल घ्यायच्या आधी. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९८९ पासून तिथे अशी स्थानिक केंद्रं उभी राहिली, जिथे या बाया आपापली मुलं घेऊन सकाळी येतात. मुलं एकत्र खेळतात, बाया एकमेकींशी बोलतात, आणि कायदा, करार, मुलांचं वागणं यांबद्दल तिथल्या माणसाला विचारतात. तपासायला येणारं माणूस वेगळं आणि मदत करणारं वेगळं. आपल्याकडे दोन्ही एकच झालं की दार उघडायच्या आधी आम्ही पडदे ओढणार, हे मी लिहून देते.

आणि खरं तर इतकं लांब जायचीही गरज नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, हे त्यांनी याच राज्यात करून दाखवलं. पाळणाघरवाल्या बाया कार्यालयात येऊ शकत नसतील, तर कार्यालयानं त्यांच्या वॉर्डात यायला काय हरकत आहे?

म्हणून मागणं थोडकं आहे. ‘घरगुती पाळणाघर’ असा वेगळा प्रकार सरकारनं मानावा. मुलांची संख्या ठरवून द्यावी. आमची तयारी आहे. नोंद साधी आणि फुकट ठेवावी, आणि पहिली दोन वर्षं तिच्या आधारे दंड करू नये, नाहीतर नोंद करायला कोणी पुढे येणार नाही आणि जिच्याकडे खोलीत पंधरा मुलं कोंबलेली आहेत ती तर मुळीच नाही. अंगणवाडीची खोली शनिवारी दुपारी किंवा रविवारी आम्हाला भेटायला द्यावी. तिथे वर्षातून दोनदा बालरोगतज्ज्ञ आणि प्रथमोपचार शिकवणारं कोणी यावं. घशात शेंगदाणा अडकला तर काय करायचं, हे मोबाईलवरच्या व्हिडिओतून शिकलेल्या बाईच्या हाती आज अनेक मुलं आहेत. ० ते ३ वयाच्या मुलांसाठी केंद्रानं २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा आराखडा काढला, त्याचं प्रशिक्षण अंगणवाडी सेविकांसोबत आम्हालाही द्यावं. आणि वॉर्डनिहाय बदली बायांची यादी हवी, पोलीस पडताळणी झालेली. एखादी आजारी पडली तर फोन करून दुसरी मिळेल अशी.

घरेलू कामगारांसाठी या राज्यानं २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. आमच्यासाठी तसं काही होईल तेव्हा होवो. अनुदानही आज मागत नाही. पण मंडळ असो की अनुदान, ते कोणाला द्यायचं हे ठरवायला आधी आम्ही कोण आणि किती, हे मोजावं लागेल. ती मोजणी आमच्याच गटांकडून करून घ्या. कोणत्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे मुलं असतात, हे आमच्याइतकं कोणाला माहीत नाही.

एक अडचण राहते. या विषयावर चर्चेला बोलावलंत, तर कृपया कामाच्या दिवशी मंत्रालयात बोलावू नका. आम्ही आलो तर मुलं कोण बघणार? रविवारी आपल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना डोंबिवलीत पाठवा. खोली आणि चहा आमच्याकडे.

आपली नम्र,
एक पाळणाघरचालक, डोंबिवली (पूर्व)