मी मांदेली आणायला लागलो

डोंबिवली (पूर्व),
११ जानेवारी २०२६

प्रिय रघू,

पत्रात एक विनंती आहे, पण ती शेवटी. आधीच सांगितली तर तू पुढचं वाचणार नाहीस.

आधी हसून घे. गेले सहा महिने मी आठवड्यातून दोनदा मासळीबाजारात जातो. हो, मीच. होस्टेलवर तू सुकटीचा डबा उघडलास की नाकाला रुमाल लावून खिडकीत जाऊन बसणारा. आता मला मांदेली ताजी की बर्फातली ते कळतं आणि कोळीण लांबूनच हाक मारते, "भटा, तुझ्या पाव्हणीला आज काय देऊ?"

पाव्हणी म्हणजे ठकू. गेल्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात, आमच्या जिन्याखाली येऊन राहिली. पांढऱ्या अंगावर काळी-तांबडी ठिगळं, शेपटीचं टोक मोडलेलं. कुणी पाळून सोडून दिलेली मांजर असती तर पायात घोटाळली असती. ही माणूस सहा पायऱ्यांच्या आत आला की मीटरच्या पेट्यांमागे गडप. तोंडातून म्याव म्हणून नाही.

मी काय केलं असेल? बशीभर दूध ठेवलं. लहानपणापासून तेच बघितलंय ना, मांजर म्हटलं की दूध. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली जे काही पसरलं होतं ते मीच फिनेल टाकून धुतलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. तेव्हापासून दूध बंद आणि मांदेली चालू. मांदेलीला मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. ते मांजरांना विषच. उकडायला गच्चीच्या जिन्यात जुना स्टोव्ह. स्वयंपाकघरात परवानगी मिळालेली नाही आणि मी मागितलेलीही नाही.

रोज संध्याकाळी सातला ताटली तळाशी ठेवायची आणि आपण नवव्या पायरीवर पेपर घेऊन बसायचं. तिच्याकडे बघायचं नाही, हे शिकायला मला दोन आठवडे लागले. आपण कौतुकाने टक लावतो आणि तिला ती धमकी वाटते. चुकून नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. जुलैत नववी पायरी, गणपतीच्या सुमारास पाचवी, दसऱ्याला तिसरी. तिचं खाणं तू बघायला हवंस. मान ताटलीत, पण डावा कान मागे वळवून माझ्यावर रोखलेला. पेपरचं पान उलटलं की कान हलतो, तोंड थांबत नाही.

मधे एकदा ती लंगडत होती. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अर्धी क्रोसिन माशात घाला. मी निघालोच होतो, नशिबाने डॉक्टरांना फोन केला. असे ओरडले! पॅरासिटामॉल मांजराला जिवावर बेततं, अर्धी गोळीसुद्धा. लंगडणं चार दिवसांत आपोआप गेलं.

सप्टेंबरात ती तीन दिवस दिसली नाही आणि आली ती पोट रिकामं करून. चार पिल्लं. सावंतवाडीच्या काकू नेहमी म्हणायच्या ना, मांजर पिल्लांना सात घरं दाखवते? हिने मोजून पाच दाखवली: मीटरची खोली, पंपाची खोली, कुणाची तरी झाकलेली स्कूटर, गच्चीवरचा पत्रा आणि शेवटी पुन्हा मीटरची खोली. या हलवाहलवीत एक पिल्लू गेलं. कसं ते लिहीत नाही.

इथे मला एक मुलगी भेटली. कॉलेजात शिकते आणि उरलेल्या वेळात अशीच मांजरं पकडून ऑपरेशनला नेते. तिने मला हिशोब सांगितला. मांजर जेमतेम दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांचंही तसंच, दोन महिन्यांची होईपर्यंत माणसाची सवय लागली तर लागली, नाहीतर आईसारखीच रानटी होतात. म्हणून सहा आठवड्यांची झाल्यावर मी तिन्ही आमच्या बाल्कनीत आणायची ठरवली. तिसरं उचलताना ठकू कुठून आली कळलंच नाही. मनगटाला दात, कोपरापर्यंत ओरखडे. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठला. रक्त आलं होतं, त्यामुळे एक इंजेक्शन जखमेतच टोचलं. ते फार दुखतं, तुला म्हणून सांगतो. मग त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी रेबीजची लस. बायकोने एकही डोस चुकू दिला नाही आणि दर वेळी "अजून लाड कर" हेही.

बाल्कनीची ग्रिल मी एका बाजूने उघडी ठेवली होती. ठकू रोज रात्री पाइपावरून पहिल्या मजल्यावर यायची, पिल्लांना पाजायची आणि मी पाणी प्यायला उठलो की माझ्याच बाल्कनीतून माझ्यावर फिस्कारायची.

तिकडे सोसायटीची मीटिंग. गाड्यांच्या बॉनेटवर पावलं उमटतात, सीटकव्हर फाडलं, वगैरे. एकांचं म्हणणं, पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून या. मी म्हटलं, सोडा, पण आपल्या कचऱ्याच्या डब्यातलं खरकटं तसंच राहणार, म्हणजे रिकाम्या जागेत महिन्याभरात दुसरं मांजर येणार. त्यापेक्षा हिचंच ऑपरेशन करू, वंश वाढणार नाही. खर्च कोण करणार? या प्रश्नाला मीटिंगमध्ये जशी शांतता पसरते तशी पसरली. मग मीच केला.

पिल्लं खायला लागली, दूध सुटलं, तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटी पिंजरा आणला. लांबट, आत एक पत्र्याची पट्टी, तिच्यावर पाय पडला की दार खाली येतं. आदल्या दिवसापासून ठकूला उपास. भुकेली असली तरच आत जाणार. पिंजऱ्यात खाली वर्तमानपत्र, टोकाला भाजलेला बांगडा. सात वाजले. मी नेहमीसारखा तिसऱ्या पायरीवर, हातात पेपर.

ती आली. रिकाम्या जागेवर ताटली शोधली. मग माझ्याकडे बघितलं आणि रघू, मी डोळे सावकाश मिटले. सवयीने. तिने माझ्यावर भरवसा ठेवून आत पाय टाकला की बांगड्याच्या वासाने, देव जाणे. दार पडलं. तो आवाज फार मोठा नव्हता, पण त्यानंतर तिने जी धडक मारली ना, पिंजरा वीतभर सरकला. त्या मुलीने पटकन वरून चादर टाकली. अंधार झाला की शांत होतात, म्हणाली. झालीही. मी मात्र बराच वेळ पेपर घडी करत बसलो होतो.

ऑपरेशन सुखरूप झालं, टाके आपोआप विरघळणारे होते. भुलीतच डाव्या कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे हिचं झालंय हे लांबून कळावं आणि पुन्हा कुणी पकडू नये. पाच दिवस दवाखान्यात ठेवून जिथून पकडली तिथेच आणून सोडली. दार उघडताच बाणासारखी गेली. अकरा दिवस फिरकली नाही. ताटली मी रोज ठेवत होतो, सकाळी कावळे संपवायचे.

बाराव्या दिवशी आली. मी बसलो होतो तिसरीवर, पण तिने मला उठून नवव्या पायरीवर जायला लावलं. कसं ते विचारू नकोस. परवापासून सातवी चालू आहे. हात मी अजून एकदाही लावलेला नाही आणि लागेल असं वाटत नाही.

आता विनंती. एक पिल्लू कल्याणला एका शिक्षिकेकडे गेलं. एक बायकोच्या मांडीवर असतं, त्यावर चर्चा नको. उरला तांबडा बोका. पावणेचार महिन्यांचा, लसी झाल्यात, भीती म्हणून नाही. झुरळापासून माझ्या जानव्यापर्यंत सगळ्याची शिकार करतो. सावंतवाडीला काकूंच्या भाताच्या कणगीत उंदीर झालेत असं तूच दिवाळीत म्हणाला होतास. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आहे, पुतण्याची गाडी आहे. सहाव्या महिन्यापर्यंत त्याचंही ऑपरेशन करायचं, तो खर्च माझा. आणि काकूंना सांग, दूध देऊ नका म्हणावं. त्या ऐकणार नाहीत, तरी सांग.

सोबत त्याचा फोटो आहे. मागे जिन्यात धूसर काही दिसतंय ना, पाइपाच्या बाजूला? तो कापलेला कान आहे.

तुझा,
विनू