पिनाका भारी की हायमार्स?

प्रिय सुहास,

"पिनाका भारी की हायमार्स?" एवढं एका ओळीत, सोबत एक तक्ता जोडून, विचारून तू मोकळा झालास, आणि मी दोन रात्री आकडे जुळवत बसलो. आपल्या पिनाका या रॉकेट डागणाऱ्या गाडीची 12 रॉकेटं 44 सेकंदांत सुटतात, अमेरिकेच्या हायमार्सकडे मुळात सहाच. झाला निकाल! पण या हिशेबाने 40 नळ्यांचं जुनं रशियन ग्राद दोघांचाही बाप ठरतं, कारण ते सगळा मारा वीसेक सेकंदांत उरकतं. इथे मला माझंच हसू आलं.

ग्राद रिकामं झालं की पुढे काय, ते डोळ्यांसमोर आण. 122 मिमीचं एकेक रॉकेट जवळपास तीन मीटर लांब, 66 किलोच्या आसपास. माणसांनी ते उचलायचं, मागच्या बाजूने नळीत सारायचं, आणि हे चाळीस वेळा. अडीच टनांहून जास्त ओझं हातांवरून जातं. तेही जिथून मारा केला तिथे थांबून नाही, कारण धुराचे लोट लांबून दिसतात आणि शत्रूचं रडार रॉकेटच्या मार्गावरून तुमची जागा हुडकतं. आधी काढता पाय घ्यायचा, मग भरणं.

हायमार्समध्ये सहा रॉकेटांचा बंद भाताच येतो. गाडीवरच उचलायची सोय आहे. रिकामा उतरवला, भरलेला चढवला. तिघांचं काम. पिनाकाचेही सहा-सहाचे दोन भाते असतात, म्हणजे भात्यांच्या बाबतीत दोघं एकाच घराण्यातले, फक्त पिनाकाचे भाते चढवायला क्रेनवाली वेगळी गाडी लागते. रशियाच्याच स्मेर्चचं दुखणं त्याहून मोठं: 300 मिमीचं रॉकेट तब्बल 800 किलोचं, क्रेनवाल्या दुसऱ्या गाडीने एकेक करून भरावं लागतं.

खरा फरक नेमाचा. 1941 साली बेलारूसमधल्या ओर्शाला कात्युशा ही सोव्हिएत रॉकेटगाडी पहिल्यांदा धडाडली तेव्हा रॉकेटं विखुरली तरी चालत होतं, अख्खं मैदान भाजून काढायचं होतं. हायमार्सचं जीपीएसवर चालणारं रॉकेट सत्तर किलोमीटरवरचं एखादं कोठार टिपतं. 2022 मध्ये युक्रेनने तेच केलं. पुढे रशियाने सिग्नल जॅम करून त्याची धार बरीच बोथट केली, हे मात्र चाहते सांगत नाहीत.

आणि पिनाका म्हणजे कुठला पिनाका? सुरुवातीचं साधं रॉकेट 38 किलोमीटरपर्यंत जायचं, नवं दिशादर्शित 75 पर्यंत. गाडी तीच, रॉकेट बदललं की शस्त्रच बदललं. डोंगरउतारावरचा विस्तीर्ण तळ झोडपायचा असेल तर मी डोळे मिटून पिनाका घेईन. एकच कोठार टिपायचं असेल तर हायमार्स, पण आभाळात जॅमिंग नसेल तरच.

तू केलेल्या तक्त्यात दोन रकाने वाढवून पाठव: पुन्हा भरायला किती वेळ, आणि मागे रॉकेटं वाहणारे ट्रक किती. मग भांडू.

तुझा,
अविनाश