पंखा बंद करायला सांगणाऱ्या तंत्रज्ञास

स. न. वि. वि.

पत्रात तुमचे नाव येऊ नये, एवढीच अट तुम्ही घातली होती आणि ती मी पाळते आहे. तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी करणारे आणि सुटीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांची यंत्रे बघून देणारे आमचे शेजारी, एवढ्या वर्णनावरून अकोल्यातले चार-दोन लोक तुम्हाला ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. तोंडी आभार मानले तेव्हा तुम्ही ते हसण्यावारी नेलेत, म्हणून आता ते सावकाश, लेखी आणि चारचौघांत मानते आहे.

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पायाखाली घातला. तिथल्या विहिरींचे पाणी कुठे मचूळ, तर कुठे तोंडात धरवणार नाही इतके खारट असते. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर विहिरीत पाणी किती खोल आहे, चव कशी आहे, त्यावर कोणते पीक तगले, हे सारे ते गावोगाव विचारून टिपून घेत आणि घरी आल्यावर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ठेवत. मूळ वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. त्यामुळे 2009 साली जोडून घेतलेल्या त्या संगणकातल्या 320 जीबीच्या हार्ड डिस्कवर जे होते, तेवढेच जगात उरले होते. वडील गेल्यानंतर आई ते यंत्र रोज पुसत असे, आणि त्यातून टक्टक् असा आवाज येऊ लागल्याचे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आले.

तुमच्यापर्यंत येण्याआधी ते यंत्र किती जणांच्या टेबलांवर जाऊन आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दुकानांची नावे मी लिहिणार नाही, पण त्यांनी काय केले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. एकाने आवाज न ऐकताच ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले. विषाणूने आवाज कसा होतो, असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर बायकांनी यंत्राविषयी प्रश्न विचारला की हमखास भेटते. दुसऱ्याने ब्लोअरने धूळ उडवली, पंख्यात तेलाचे दोन थेंब सोडले आणि बिल दिले. यंत्र घरी येताच टक्टक् पुन्हा सुरू झाली. तिसऱ्याने विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी, आवाज आधीपेक्षा वाढलेला असताना, पडद्यावरची तब्येत ‘उत्तम’ दाखवणारी ओळ बोटाने दाखवून आम्हालाच खोटे पाडले. विंडोज 7 चा आधार 2020 सालीच संपला आहे, तेव्हा हा डबा भंगारात घाला आणि नवा घ्या, हा सल्ला मात्र सगळ्यांनी एकमुखाने दिला. एका नातेवाइकाने तर डिस्क पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले होते. तुम्ही पुढे समजावलेत की गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर आणि तिच्या आत दव धरते, आणि जी थोडीफार आशा असते तीही त्या ओलाव्यात जाते. आमच्या आईने फ्रीजरमध्ये तिच्यासाठी जागा करून ठेवली होती, हे तुम्हाला तेव्हा सांगितले नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, त्या गोष्टीकडे येते. तुम्ही मे महिन्यातल्या दुपारी आमच्या घरी आलात. अकोल्यातला मे काय असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी घेतलेत, यंत्रासमोर बसलात, ते सुरू केलेत आणि काही क्षण नुसतेच थांबलात. मग आईकडे वळून म्हणालात, ‘आजी, थोडा वेळ पंखा बंद केला तर चालेल का? मला नीट ऐकू येत नाही.’ पंखा बंद झाला, खिडकीतला कूलर बंद झाला, यूपीएसचीही घरघर नको म्हणून तुम्ही यंत्राची वायर थेट भिंतीतल्या प्लगला जोडलीत. घामाने तुमचा सदरा पाठीला चिकटला तरी तुम्ही उठला नाहीत. एका लांब पेचकसाचे टोक हार्ड डिस्कच्या कडेला टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाशी धरलीत आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. आणि मग, जे कोणत्याही दुकानात कोणी केले नव्हते, ते केलेत: तोच पेचकस आईच्या हाती दिलात आणि ‘तुम्ही रोज ऐकता तो आवाज हाच का?’ असे विचारलेत. आईने कान लावला आणि तिच्या वऱ्हाडीत म्हणाली, ‘हाच. कोनी तरी आतून दार वाजवून रायलं.’ तुम्ही तिची चेष्टा केली नाहीत. ‘अगदी बरोबर,’ म्हणालात, ‘आतला हेड, म्हणजे तबकडीवरचे वाचणारा भाग, आपली जागा शोधतो आहे, ती सापडत नाही म्हणून मागे जातो आणि पुन्हा येतो.’

तिचे ऐकणे हाही एक पुरावा आहे, असे तुम्ही मानलेत. दुकानदारांपुढे ती इतक्यांदा सांगून थकली होती की अलीकडे बोलेनाशीच झाली होती. त्या दुपारनंतर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेड कसा अडखळतो ते हाताच्या हालचालींसह समजावते. आमच्या छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेऱ्या घेत असेल, डिस्कची तबकडी 7200 घेते आणि वाचणारा हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर एवढ्याच उंचीवर हवेच्या थरावर तरंगतो, हे आकडे तुम्ही तिला सांगितलेत ते तिने तसेच्या तसे पाठ केले आहेत. एवढ्या जवळून फिरणाऱ्या हेडाला रात्रभर तीच-ती खराब जागा चाळायला लावणे म्हणजे काय, हेही तिला कळले, आणि त्या तिसऱ्या दुकानदाराविषयी ती काय म्हणाली ते इथे छापण्याजोगे नाही.

पुढची तपासणी तुम्ही जशी केलीत, तिचे सगळे टप्पे सांगायचे म्हटले तर मला ते धड सांगता येणार नाहीत. एवढे लक्षात राहिले की तुम्ही डिस्कची जोडणी काढून यंत्र चालू केलेत, तेव्हा पंखे पूर्वीसारखेच घुमत होते पण टक्टक् नाहीशी झाली, आणि पंख्यातल्या तेलाचा प्रश्न तिथेच मिटला. वीजपुरवठा कमजोर असला तरी डिस्क असा आवाज करू शकते, म्हणून तुम्ही स्वतःच्या घरून दुसरा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आणि दुसरी केबल आणून जोडून पाहिलीत. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या क्रमांकवार नोंदी काढल्यात. वरच्या ओळीत ‘उत्तीर्ण’ असेच लिहिले होते. त्या दुकानदाराने आम्हाला दाखवलेली ओळ हीच. तुम्ही मात्र तिच्यावर न थांबता खाली उतरलात: बदली दिलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या लहान-लहान कप्प्यांचा, पाचवा क्रमांक, वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांचा 197 आणि सुधारण्यापलीकडे गेलेल्यांचा 198. तिन्ही ठिकाणी आकडे होते, आणि केबलच्या चुका मोजणाऱ्या 199 पुढे शून्य होते. उत्तीर्ण असून नापास कसे, या माझ्या प्रश्नावर तुम्ही गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा दाखला दिलात. एक लाखाहून अधिक डिस्क पाहिल्यावर त्यांना आढळले होते की बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी बिघाडाच्या सर्वांत भरवशाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. डिस्कची वही कोरी असली तरी कानावर विश्वास ठेवावा, असे तुमचे म्हणणे होते, आणि आमची वही तर कोरीही नव्हती.

निदान होताच तुम्ही यंत्र बंद केलेत. नवी डिस्क विकत आणेपर्यंत ते पुन्हा सुरू करायचे नाही, ‘एकदाच बघू’ म्हणूनही नाही, हे तुम्ही ज्या करड्या आवाजात बजावलेत, त्याचेही मी आभार मानते. डिस्क आली त्या संध्याकाळी तुम्ही आईला विचारलेत की सर्वांत आधी काय वाचवायचे, कारण डिस्क मध्येच थांबली तर जे आधी काढले तेच हाती राहील. आईने लग्नाचे फोटो सांगितले नाहीत, ‘विहिरी’ म्हणाली. तो फोल्डर तुम्ही केवळ वाचण्यापुरता उघडून, डिस्कवर एक अक्षरही न लिहिता, बाहेर काढलात, आणि त्याबरोबर श्रीलिपीचे फॉन्टही आठवणीने घेतलेत. ते नसते तर वडिलांचा सगळा मजकूर निरर्थक खुणांचा ढीग दिसला असता. मग उरलेल्या डिस्कची प्रत घ्यायला लावलीत: धड भाग आधी, दुखरे भाग शेवटी, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवत, म्हणजे वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. वीज अर्थातच गेली.

तुम्ही या कामाचे पैसे घेतलेत, याचाही मला आनंद वाटतो, हे वाचून काहींना नवल वाटेल. फुकट केलेल्या मदतीचे ओझे वाटते आणि पुढच्या वेळी हाक मारायला संकोच होतो. तुम्ही आधी रक्कम सांगितलीत, तेवढीच घेतलीत, आणि नव्या डिस्कची पावती आमच्या नावावर करून दिलीत. सज्जनपणाविषयी आपल्याकडे फार मोठमोठे बोलले जाते. मला तो अलीकडे अशा बेताच्या, हिशेबी गोष्टींत जास्त भेटतो. उदाहरणार्थ, रोग माहीत नसेल तर औषध न सांगणे. किंवा गिऱ्हाइकाला भीती घालून नवीन वस्तू न खपवणे. त्या दुकानदारांपैकी एकही दुष्ट होता असे मी म्हणणार नाही, आणि घाई सगळ्यांनाच असते. पण ‘मला अजून कळले नाही, थोडे ऐकू द्या’ हे वाक्य त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून आले नाही, आणि ते म्हणायला भांडवल लागत नाही.

काय आले आणि काय गेले, तेही कळवते. विहिरींच्या नोंदी दोन फायली सोडून सगळ्या उघडल्या. काही छायाचित्रांचा खालचा अर्धा भाग राखाडी झाला आहे. त्यांतल्या एकात वडील दिसतात पण त्यांनी हात ठेवलेली मोट दिसत नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे एक प्रत पुण्याला बहिणीकडे गेली. माझा भाचा आता श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणतो आहे. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, ती आई शेजारी बसून दुरुस्त करते, आणि गावांची नावे तिला पाठ असल्यामुळे ते काम तिच्याशिवाय कोणाला जमणारही नाही. त्या दोन फायलींसाठी तुम्हाला पुन्हा एकदा बोलवायचे तिने परस्पर ठरवून टाकले आहे. पावसाळा सुरू झाल्यावर या, म्हणजे पंखा बंद करावा लागला तरी चालेल, असा तिचा निरोप आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली कृतज्ञ शेजारीण,
अकोला